हूकस्लोटांची सोयरीक

अंबरीश आंजर्लेकरला त्या शनिवारी शेजारी जाऊन फक्त कॉफी प्यायची होती. एक कप, एक बिस्कीट आणि परत. पण काही माणसांचं तोंड प्यायला उघडलं की बोलायलाच लागतं. अंबरीश त्यातला. त्याने तेवढा एक कप गुपचूप प्यायला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. रेल्वे गार्डचे कपडे घालून मटारचं सूप प्यायची वेळही आली नसती. पण ते पुढे.

घर लायडस्खेनडाम या डच गावात. एका ओळीतली घरं, भिंतीला भिंत. डावीकडे खेरित फान हूकस्लोट आणि त्याची बायको योके. खेरित जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला, उंच, आणि चालताना अजूनही पावलं मोजतोय असं वाटायला लावणारा. योके गोल, हसरी, कायम हाताला बागेतली माती. आता या देशात शेजारी एकमेकांकडे जातात ते डायरी बघून, तारीख ठरवून. योके मात्र मागच्या अंगणाच्या फाटकातून सपाता घालून सरळ सुमेधाच्या स्वयंपाकघरात यायची, पातेल्यात डोकावायची आणि चमचा मागायची. सुमेधा म्हणजे अंबरीशची बायको. तिचं म्हणणं होतं की इथला पासपोर्ट लवकर मिळतो, सपाता घालून येणारी शेजारीण मिळत नाही. बरोबरच होतं.

तर या हूकस्लोटांच्या मुलीचं, मार्लूसचं, लग्न ठरलं. आणि आंजर्लेकरांना बोलावणं आलं, तेही दिवसाचं.

हे नीट समजून घ्या, नाहीतर अंबरीशचं दुःख कळायचं नाही. इथल्या लग्नात पाहुणे दोन तऱ्हेचे असतात. दिवसाचे पाहुणे म्हणजे घरचे. ते लग्न लागताना हजर, केक कापताना हजर, जेवायला हजर. संध्याकाळचे पाहुणे म्हणजे बाकीचे. त्यांनी आठ वाजता यायचं, बिअर घ्यायची, खारे दाणे खायचे, थोडं नाचायचं आणि सायकलवर बसून घरी जायचं. अंबरीशला आजवर ऑफिसमधल्या लग्नांची जेवढी आमंत्रणं आली ती सगळी संध्याकाळची. त्याने इथल्या एकाही लग्नात केक आख्खा बघितला नव्हता, फक्त चुरा बघितला होता.

त्यामुळे दिवसाचं बोलावणं आल्यावर त्याने पुण्याला फोन केला. आईने विचारलं की तुम्हाला जेवायला पानावर बसवणार का उभ्याने. तो म्हणाला, बसवणार. आईने ते सगळ्या सोसायटीला सांगितलं. सुमेधाने पैठणी उन्हात टाकली, म्हणजे इथे जेवढं ऊन मिळतं तेवढ्यात. पुण्याहून परतणाऱ्या प्रतीक नावाच्या ऑफिसातल्या पोराकडून अंबरीशने बांधलेला तयार फेटा मागवला. तो डोक्याला घट्ट व्हायचा, पण अंबरीश आरशासमोर घालून बसायचा. पोटची लेक प्रांजली त्याला बघून इंग्रजीत म्हणाली की बाबा, तू एअरपोर्टवरच्या हॉटेलचा दारवान दिसतोस. पोर इथे वाढली की अशी होते.

तर शनिवार, कॉफी. योकेने लग्नाची छापलेली पत्रिका दाखवली. नवरीचं नाव मार्लूस फान हूकस्लोट. नवऱ्याचं नाव ब्राम फान हूकस्लोट.

अंबरीशला वाटलं छापखान्याने घोळ केला. योके हसायला लागली. घोळ नाही, म्हणाली, तो पण हूकस्लोटच. हार्लेमचा. दोघं दातांच्या डॉक्टरकडे बसले होते, आतून नाव पुकारलं, दोघंही उठले. तिथूनच सुरू झालं. किती गोड, नाही?

अंबरीशच्या घशात बिस्कीट अडकलं.

आता इथे सांगायला हवं की आंजर्लेकर मंडळींनी मध्यंतरी आपला कुलवृत्तांत काढला होता, आणि त्यातलं कॉम्प्युटरचं काम अंबरीशने इथे बसून केलं होतं. कोण कुठून आलं, कोणाची शाखा कुठे गेली, सगळं त्याने माउसने ओढून ओढून जोडलं होतं. तेव्हापासून आडनाव या विषयात आपल्याला कळतं असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण ज्याला कळतं त्याला कोणी विचारावं लागतं थोडंच.

तो खेरितला म्हणाला की तुमचं 'फान' म्हणजे आमचं 'कर'. आंजर्ल्याचे ते आंजर्लेकर, तसे हूकस्लोटचे ते फान हूकस्लोट. खेरितला हे आवडलं. त्याने सांगितलं की हूकस्लोट म्हणजे कोपऱ्यावरचा चर, शेताच्या कडेने पाणी वाहायला खणतात तो. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनचं फर्मान निघालं की ज्याला आडनाव नाही त्याने आडनाव नोंदवावं, तेव्हा त्याच्या खापरपणज्याने बहुतेक दाराबाहेर बघितलं असणार आणि जे दिसलं ते सांगितलं असणार. अंबरीशने विचारलं, अशी हूकस्लोटं देशात किती? खेरित म्हणाला, फार थोडी. दुर्मीळ नाव आहे. आणि छाती जरा पुढे काढली.

इथे गप्प बसायचं होतं. माणूस म्हणून, शेजारी म्हणून, दिवसाचा पाहुणा म्हणून. पण नाही.

अंबरीश म्हणाला, "दुर्मीळ म्हणजे चर एकच. चर एकच म्हणजे घर एकच. मग ही दोघं एका घरातली झाली. आमच्याकडे अशा लग्नाला सगोत्र म्हणतात आणि लोक आधी चौकशी करतात."

खेरित मोठ्याने हसला. योके हसली नाही. तिने बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी योके मागच्या फाटकातून आली, सपाता घालूनच, पण पातेल्यात न डोकावता. खुर्चीवर बसली आणि सुमेधाला विचारलं की तुमच्याकडे असं निघालं तर काय करता. सुमेधाने शांतपणे सांगितलं की काही करत नाही, हल्ली कोणी बघत नाही, अंबरीश येडा आहे. विषय तिथेच संपला असता. पण वरच्या मजल्यावरून अंबरीश खाली आला. त्याच्या चेहऱ्यावर उपाय सापडल्याचा उजेड होता. सुमेधा त्या उजेडाला घाबरते.

झालं होतं असं की त्याने सकाळीच हार्लेमच्या मालिनीकाकूंना फोन केला होता. मालिनीकाकू म्हणजे तिथल्या मराठी मंडळींचं चालतंबोलतं पंचांग. मुंज, बारसं, वास्तुशांत, सगळं फोनवरून सांगतात, आणि मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही विसरत नाहीत. काकू म्हणाल्या, अरे त्यात काय एवढं. मुलगी मामाला दत्तक द्यायची. मामाचं गोत्र लागलं की सुटला प्रश्न. आपल्याकडे पूर्वापार करतात. मामा आहे ना तिला?

अंबरीशने हे योकेला सांगितलं. मामा आहे ना मार्लूसला?

योके जरा वेळ टेबलावरचा डाग खरवडत बसली. मग म्हणाली, भाऊ आहे, युट्रेख्टला. वाउटर. पण आम्ही बोलत नाही. दोघांच्या मिळून एक कॅराव्हॅन होती, गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आईवडलांपासूनची. त्याने ती मला न विचारता विकली. तेव्हापासून बंद. मार्लूस तेव्हा शाळेत होती.

सुमेधाने डोळ्यांनी नवऱ्याला बजावलं की आता पुढे एक शब्द नको. नवऱ्याने ते वाचलंसुद्धा. त्याने शब्द काढला नाही, कृती केली.

पहिली कृती म्हणजे तो खेमेएन्टेत गेला. खेमेएन्टे म्हणजे इथली नगरपालिका, जिथे वेळ ठरवल्याशिवाय माणसाला श्वासही घेता येत नाही. वेळ ठरवताना कामाचा प्रकार निवडायचा असतो. पासपोर्ट, जन्म, घर बदलणं, कुत्रा. त्यात 'लग्नाआधी मामाला दत्तक' असं कुठे नव्हतं, म्हणून त्याने 'इतर' निवडलं. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, अतिशय सभ्य. तिने विचारलं, मूल किती वर्षांचं? अंबरीश म्हणाला, एकतीस. बाईने पेन खाली ठेवलं. मूल तुमचं? नाही, शेजाऱ्यांचं. त्यांनी तुम्हाला पाठवलंय? तसं नाही. मुलीला माहीत आहे? अजून नाही. बाईने सांगितलं की सज्ञान माणसाला या देशात दत्तक देता येत नाही, आणि जास्त मायेने विचारलं की तुम्हाला कोणाशी बोलायचंय का, खाली समुपदेशन आहे.

अंबरीशचा अपमान झाला. पण सरकार नाही म्हणालं म्हणून विधी थोडाच अडतो, असा त्याने विचार केला. सरकारी दत्तक वेगळं, विधीचं दत्तक वेगळं. मामाने मनाने हो म्हटलं की पुरे. म्हणून दुसरी कृती. तो ट्रेन पकडून युट्रेख्टला वाउटरकडे गेला.

वाउटर निवृत्त रेल्वे गार्ड. एकटाच, लग्न न केलेला, घरात दोन कॅनरी पक्षी आणि इस्त्री केलेले गणवेश अजून कपाटात टांगलेले. दारात फेट्याचा फोटो दाखवणारा एक भारतीय माणूस बघून तो आधी त्याला धार्मिक प्रचारवाला समजला. मग अंबरीशने आपल्या मोडक्या डचमध्ये सांगितलं की तुमची भाची लग्न करतेय आणि आमच्याकडे लग्नात मामाला फार मान असतो, नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि वेळ पडली तर मुलगी मामाला देतात.

अंबरीशच्या डचमध्ये 'वेळ पडली तर' हा भाग नीट बसला नसावा. किंवा वाउटरला तो ऐकायचाच नसावा. तो उठला, खिडकीशी जाऊन पक्ष्यांचं पाणी बदललं. बदललेलंच पाणी परत बदललं. मग म्हणाला की वरची मागची खोली रिकामी आहे, रंग द्यावा लागेल.

आणि अंबरीश घरी पोचायच्या आत त्याने मार्लूसला फोन केला. नंबर अंबरीशनेच दिला होता.

मार्लूस दुसऱ्या दिवशी आली. सायकल तिने उभी केली नाही, अंगणात टाकली. ती बापासारखी उंच आहे आणि रागावली की आवाज खाली जातो, त्याने जास्त भीती वाटते. सुमेधाने चहा विचारला तर नको म्हणाली. उभ्यानेच बोलली.

"मी एकतीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "मला आई आहे, बाप आहे. काल एका माणसाने, ज्याला मी पंधरा वर्षांत बघितलं नाही, मला विचारलं की खोलीला निळा रंग चालेल का. आईने डॉक्टरची वेळ घेतलीय, मला मुलं झाली तर ती ठीक असतील का ते विचारायला. माझं लग्न आहे, अंबरीश. तुम्हाला त्यातलं सगळ्यात जास्त काय दिसलं, तर आडनाव."

अंबरीशने तोंड उघडलं.

"नको," मार्लूस म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी या. आठ वाजता. केकनंतर."

सायकल उचलून गेली. अंगणातल्या कोथिंबिरीवर चाकाचा माग राहिला.

माणूस हरला की जेवत नाही असं म्हणतात. अंबरीश जेवला, पण कुठली भाजी होती ते त्याला आठवलं नाही. आईला पुण्यात कसं सांगायचं, फेट्याचं काय करायचं, खारे दाणे. सगळं डोक्यात फिरत होतं. पण सुमेधाचं दुःख वेगळं होतं. योकेचा डॉक्टर हसून म्हणाला होता की काही काळजी करू नका, तरी योके काळजी करतच होती. तिचं म्हणणं, डॉक्टरला काय माहीत आमचा पणजा कोण. आणि मागचं फाटक आता बंद असायचं. योके समोरच्या दाराने यायला लागली होती, बूट घालून, बेल वाजवून.

"तुला एक सांगू?" सुमेधा त्याला म्हणाली. "तुझी आई आयुष्यभर एकच वाक्य म्हणत आलीय. आंजर्लेकर नावाचा कोणीही भेटू दे, बँकेत भेटू दे, टीव्हीवर येऊ दे. ते आंजर्लेकर वेगळे. एका गावातून तीन-तीन तऱ्हेचे आंजर्लेकर निघतात, कोणाचा कोणाशी संबंध नाही, हे कुलवृत्तांत काढलेल्या माणसाला कळू नये? आणि इथे तर आख्खा देश चरांनी भरलाय. कोपऱ्यावर चर नसलेलं एक गाव मला दाखव."

अंबरीशने कपाळावर हात मारला. हे त्याला सुचायला हवं होतं. सुचलं नाही ते नाही, पण आता ज्या जोरात उठला, त्यावरून ते त्यालाच सुचलं होतं असं कोणालाही वाटलं असतं.

तो खेरितकडे गेला. म्हणाला, आपण दोन चर शोधू. तुमचा आणि ब्रामच्या घरचा. चर दोन निघाले की घरं दोन. योकेची काळजी मिटेल, मार्लूस शांत होईल. खेरितलाही आतून ते हवंच होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आपला चर कधी बघितला नाही, म्हणाला. त्याचा आजा युट्रेख्टच्या बाजूच्या एका शेतावरून आला होता एवढं त्याला ठाऊक होतं. ब्रामच्या बापाशी वेळ ठरवली आणि दोघं आधी हार्लेमला गेले.

ब्रामचा बाप रैन. पडद्यांच्या कापडाचं दुकान चालवलेला, गळ्यात रेशमी रुमाल, बोलताना हनुवटी वर. त्याने त्यांना पायी एका चौकात नेलं आणि दोन्ही हात पसरून दाखवलं. समोर सायकलींचं पार्किंग. इथे होता, रैन म्हणाला. आमचा चर. होड्या यायच्या यात. पुढे बुजवला.

अंबरीश नाचायचाच बाकी होता. चर दोन. त्याने विचारलं की म्हणजे युट्रेख्टकडच्या शेतातल्या हूकस्लोटांशी तुमचं काही नातं नाही?

रैनने खेरितकडे न बघता रुमाल सारखा केला. "ते?" तो म्हणाला. "छे. ते वेगळे."

अंबरीशला क्षणभर आपल्या आईच्या घरात उभं असल्यासारखं वाटलं. तोच ठसका, तीच मान. तो इतका खूश झाला की खेरितचे कान लाल झाले हे त्याला दिसलं नाही.

खेरितने विचारलं, ते म्हणजे कोण. रैन म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पण चिखलातले. आमचा शहरातला चर. खेरित म्हणाला, तुमच्या चरावर सायकली उभ्या आहेत. आमच्या चरात अजून पाणी आहे. रैन म्हणाला, पाणी डबक्यातही असतं. आणि लग्नात घराण्याच्या नावावर भाषण तो स्वतः करणार आहे, कारण नाव मुळात त्यांचं आहे. खेरित म्हणाला, मग मुलीचा बाप येणार नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये खेरित खिडकीकडे तोंड करून बसला. अंबरीशने मात्र हिशेब करून बघितला. आधी लग्न अडलं होतं कारण दोघं एका घरातले. आता अडलं होतं कारण दोघं दोन घरांतले. दोन्ही त्यानेच केलं होतं. इतकं सगळं इतक्या कमी वेळात सहसा एका माणसाला जमत नाही.

मार्लूसचा फोनवर निरोप आला. एकच ओळ. संध्याकाळीही नको.

सुमेधाने तो वाचला आणि पैठणी घडी करून कपाटात ठेवली. रागावली नाही. ते बघून अंबरीशला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं, स्वतःचं नाही, तिचं.

मग त्याने जे केलं त्याला सरळ भाषेत खोटं बोलणं म्हणतात. त्याने रैनला फोन करून सांगितलं की खेरितला तुमचं मत हवंय, मूळ चर कुठला ते तुमच्यासारख्या जाणकाराने एकदा शेतावरचा चर बघून ठरवावं. आणि खेरितला सांगितलं की रैन वरमलाय, तुमचा चर बघायला येतो म्हणतोय. रविवारी आपल्या गाडीत त्याने दोघांना घेतलं. रैन पुढे, खेरित मागे, त्याच्या एका बाजूला योके आणि दुसऱ्या बाजूला सुमेधा. आख्ख्या रस्त्यात फक्त गाडीतला नकाशा बोलत होता.

शेत सापडलं. मालक भला माणूस, म्हणाला बघा हवं तेवढं, गाईंना घाबरवू नका. लांबच लांब हिरवं, सपाट, आणि कोपऱ्यावर एक वाकलेलं झाड. खेरित थबकला. त्याच्या आजाने त्या झाडाचं सांगितलं होतं म्हणे. तो नुसता उभा राहिला, हात खिशात घालून. योकेने त्याच्या कोपराला हात लावला.

रैन म्हणाला, छान आहे, पण चर कुठाय?

अंबरीशला तो क्षण हातचा जाऊ द्यायचा नव्हता. त्याने झाडाकडे बोट केलं आणि ही काय हिरवळ ओलांडली की दिसेलच असं म्हणत चालायला लागला. समोर मऊ, एकसारखी, पोपटी हिरवळ. सोसायटीच्या बागेत माळ्याने कापल्यासारखी. खेरितने मागून हाक मारली. अंबरीशने हात हलवला आणि पुढचं पाऊल टाकलं.

इथे चरांवर उन्हाळ्यात शेवाळासारखी बारीक पानं धरतात. इतकी दाट की पाणी दिसतच नाही. इथलं शेंबडं पोरही ते ओळखतं. पुण्याचा माणूस नाही ओळखत.

अंबरीश कमरेपर्यंत गेला. जाताना जे हाताला लागलं ते धरलं, आणि तो नेमका शेजारून चालणाऱ्या रैनचा रेशमी रुमाल होता. रुमाल गळ्यात असल्यामुळे रैनही आला. खेरित दोघांना काढायला वाकला, त्याच्या मोजणीदाराच्या अंदाजाने काठ अर्धा फूट पुढे होता. तो नव्हता.

तिघं उभे राहिले तेव्हा हिरवे होते. रैनच्या हनुवटीला पानं लागली होती, दाढी फुटल्यासारखी. पलीकडून एक गाय बघत होती. मग रैनने बूट चिखलातून ओढायचा प्रयत्न केला. पाय आला, बूट आला नाही.

"खोल आहे," रैन म्हणाला.

"तुमच्या चरापेक्षा," खेरित म्हणाला.

आणि रैन हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. खेरितने त्याला धरलं, त्याने खेरितला धरलं, त्यामुळे दोघं परत बसले. काठावर सुमेधा आणि योके एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या, हसून. योके म्हणाली की एका चरावरून इतकी भांडणारी माणसं एका घरातली असूच शकत नाहीत. सुमेधा म्हणाली, उलट, एका घरातलीच असं भांडतात. योकेने डोळे पुसले आणि म्हणाली, जाऊ दे, आता कोणीही कोणाचेही असोत.

प्रश्न राहिला तो कपड्यांचा. वारा सुटला होता, रैनचे दात वाजत होते, आणि लायडस्खेनडाम लांब. सुमेधाने योकेला विचारलं की इथून जवळ कोण आहे. योकेला माहीत होतं जवळ कोण आहे. ती फोन हातात धरून झाडाखाली जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग तिने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "वाउटर, मी. माझ्याकडे तीन ओली माणसं आहेत."

म्हणून वाउटरचं घर, मटारचं सूप आणि रेल्वेचे गणवेश. वाउटर बुटका, त्यामुळे खेरितची पॅन्ट पोटरीला संपत होती, आणि रैनने टोपीसुद्धा घातली होती, थंडी वाजते म्हणून. योके भावाच्या स्वयंपाकघरात पाव कापत होती आणि सुऱ्या कुठल्या खणात ठेवतोस, सांगता येत नाही का, असं ओरडत होती. वाउटर प्रत्येक ओरडण्याला हो हो म्हणत होता. कॅराव्हॅनचं नाव कोणी काढलं नाही. कॅनरी जोरात गात होते.

वाउटरनेच मार्लूसला कळवलं होतं. ती आणि ब्राम दारात आले. ब्राम गोरापान, शांत पोरगा, बापाला टोपीत बघून भिंतीला टेकला. मार्लूसने एकेकाला बघितलं. बाप. सासरा. एकाच वाडग्यात पाव बुडवून खातायत. आई, मामाच्या खणात चमचे लावतेय. तिने विचारलं, हे कोणी घडवून आणलं?

सगळ्यांनी अंबरीशकडे बघितलं. त्याच्या अंगावर गार्डचा कोट होता, कानामागे अजून एक हिरवं पान. त्याने तोंड उघडलं, आणि आठवून मिटलं.

मार्लूस त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज खालीच होता, पण या वेळी भीती वाटली नाही.

"दिवसा या," ती म्हणाली. "फेटा घालून. पण केक कापेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही."

तर लग्न जूनमध्ये झालं. नगरभवनातल्या बाईंनी दोघांची नावं वाचली, एकसारखी दोन, आणि वर बघून हसल्या. मार्लूसच्या मागे वाउटर उभा होता, नव्या सूटमध्ये, हात शिवणीला लावून, गाडी सोडायच्या आधी उभा राहायचा तसा. बाईंनी विचारलं की हे साक्षीदार आहेत का. वाउटर म्हणाला की नाही, मामा आहे. सुमेधाने त्याला पढवून ठेवलं होतं. पैठणीतल्या सुमेधाशेजारी योके बसली होती आणि सारखा पदर हातात घेऊन बघत होती.

भाषणं दोन झाली. रैन शहरातल्या चरावर बोलला, खेरित शेतातल्या. दोन्ही लांबली.

मग सगळे बागेत आले. टेबलावर केक, तीन मजली, आख्खा. अंबरीश त्याच्यापासून दोन हातांवर उभा राहिला आणि तिथून हलला नाही. फेटा घट्ट होता, कपाळ दुखत होतं, आणि त्याला फार बरं वाटत होतं. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आत्या आली, कुठल्या बाजूची कोण जाणे. तिने अंबरीशला खालून वर बघितलं, फेट्यापाशी जरा थांबली, आणि विचारलं की तुम्ही कुठल्या हूकस्लोटांपैकी?

अंबरीशने ओठ घट्ट मिटून केकाकडे बोट दाखवलं. आत्याला काही कळेना.

एका बाजूला खेरित उभा होता, दुसऱ्या बाजूला रैन. दोघांनीही ऐकलं होतं.

"आमच्याकडचा," खेरित म्हणाला.

"आमच्याकडचा," रैन म्हणाला, त्याच क्षणी.

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि रैनची हनुवटी वर गेली. अंबरीशला त्यावर सांगण्यासारखं बरंच होतं. पण सुरी अजून मार्लूसच्या हातात होती आणि ती त्याच्याचकडे बघत होती.